ऐंशी गोल आणि छत्तीस गुण

बेरीज ही मोठी मायावी वस्तु आहे. अंकगणितांत ती निरपवाद खरी असते. परंतु व्यवहारांत केवळ तिच्यावर विसंबून निर्णय देणारा मनुष्य वारंवार फसतो. वर्षाचा पाऊस सरासरीइतका पडला एवढ्यावरून पीक आलें असें कोणीहि शेतकरी म्हणणार नाहीं. पाऊस किती पडला याबरोबर तो केव्हां केव्हां पडला हेंहि त्याला पाहावें लागतें. आषाढांतला कोरडा पंधरवडा भाद्रपदांतल्या पुरानें भरून निघत नाहीं. ही गोष्ट आपणां सर्वांस कळते. तरीहि माणसांची, संस्थांची आणि विशेषतः मुलांची परीक्षा करतांना आपण पुनः पुनः बेरजेकडेच धांव घेतों. या विषयाचें एक उत्तम उदाहरण मला अलीकडे सांपडलें. तें आपल्याकडील नसून इंग्लंडांतील आहे, आणि तेंहि फुटबॉलच्या खेळांतलें आहे. ज्याचें आयुष्य रूपावलि, समासचक्र आणि संस्कृतच्या उत्तरपत्रिका यांत गेलें, त्यानें उतारवयांत परदेशांतील चेंडूच्या खेळाविषयीं लिहावें याचें वाचकांस आश्चर्य वाटेल. म्हणून प्रथम त्याचें कारण सांगतों.

माझा नातू मँचेस्टर सिटी या इंग्रजी क्लबाचा निस्सीम भक्त आहे. हा क्लब हरतो कसा, हें त्याच्या वयाच्या मुलांनीं फारसें पाहिलेलेंच नाहीं. २०२०-२१ पासून २०२३-२४ पर्यंत सलग चार हंगाम इंग्लंडमधील पहिल्या वर्गाचें विजेतेपद याच क्लबाकडे राहिलें. आणि २०२३ सालीं तर त्यानें लीगचें विजेतेपद, एफ. ए. कप आणि युरोपांतील चँपियन्स लीग हे तीन मान एकाच हंगामांत मिळविले. तेव्हां एके दिवशीं बोलतां बोलतां तो मोठ्या आत्मविश्वासानें म्हणाला, "आजोबा, जो संघ सर्वांत जास्त गोल करतो तो कधीं खालच्या वर्गांत जाईल का?" प्रश्नाचा सूर असा होता कीं, उत्तराची अपेक्षाच नसावी. परंतु पंचांग वाचण्याची संवय जडलेल्या मनुष्यास आंकड्यांचें कोणतेंहि कोष्टक वाचण्यांत एक प्रकारची गोडी वाटते. जुन्या हंगामांचीं कोष्टकें मीं चाळूं लागलों आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्याच लाडक्या क्लबाच्या इतिहासांत मिळालें. तो हंगाम १९३७-३८ चा.

ज्यांस या खेळाची फारशी माहिती नाहीं त्यांच्यासाठीं त्या काळची व्यवस्था थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. इंग्लंडमधील लीगच्या पहिल्या वर्गांत त्या वेळीं बावीस संघ असत. प्रत्येक संघ इतर एकवीस संघांशीं दोन दोन वेळां खेळे, एकदां आपल्या मैदानावर आणि एकदां त्यांच्या. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत प्रत्येकाच्या वांट्यास बेचाळीस सामने येत. जिंकल्यास दोन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. जिंकण्यास तीन गुण देण्याची रीति तिकडे १९८१ पासून सुरू झाली; ती तेव्हां नव्हती. दोन संघांचे गुण समसमान झाले तरच केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनीं भागून जो भागाकार येई त्यावरून त्यांचा क्रम लावीत. आणि हंगामाच्या शेवटीं जे दोन संघ तळाशीं राहत त्यांना दुसऱ्या वर्गांत उतरावें लागे. त्यांच्या जागीं तेथील पहिले दोन संघ वर येत. हा नियम सर्वांस ठाऊक होता, आणि त्यांत दयामाया नव्हती.

आतां या संघाची योग्यता पाहूं. १९३४ सालीं मँचेस्टर सिटीनें वेंब्ली येथें पोर्ट्स्मथचा २-१ असा पराभव करून एफ. ए. कप जिंकला होता. त्या सामन्यांतला त्यांचा गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट हा अवघा वीस वर्षांचा होता. खेळ संपल्याची शिटी वाजतांच मनावरचा ताण असह्य होऊन तो मैदानावरच मूर्च्छित पडला, ही गोष्ट तिकडे प्रसिद्ध आहे. पुढें १९३६-३७ च्या हंगामांत हा संघ प्रथमच पहिल्या वर्गाचा विजेता झाला, आणि तोहि कसा? डिसेंबरच्या अखेरीपासून हंगाम संपेपर्यंत बावीस सामन्यांत त्याचा एकदांहि पराभव झाला नाहीं. त्याचे गुण ५७ झाले, आणि त्यानें केलेल्या गोलांची संख्या १०७ भरली. उत्तर आयर्लंडचा पीटर डोहर्टी आणि डाव्या बगलेवरून धांवणारा एरिक ब्रुक यांचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें. अशा संघास पुढील वर्षीं खालीं जावें लागेल असें जर कोणी म्हटलें असतें, तर लोकांनीं त्याला वेड्यांत काढलें असतें.

तरी तेंच झालें. १९३७-३८ च्या हंगामाच्या आरंभीं संघ बहुतांशीं तोच, व्यवस्थापक विल्फ वाइल्ड तेच, आणि मेन रोडचें विस्तीर्ण मैदानहि तेंच. मध्यंतरीं १९३७ च्या नोव्हेंबरांत आदल्या वर्षीचा कपविजेता संडरलंड याचा २-० असा पराभव करून त्यांनीं चॅरिटी शील्डहि मिळविली. गोलांची तर रेलचेल होती. डर्बी काउंटीला त्यांनीं घरीं ६-१ असें हरविलें आणि नंतर डर्बीच्याच मैदानावर जाऊन ७-१ असें चारी मुंड्या चीत केलें. वेस्ट ब्रॉमिच अल्बियनवर ७-१, आणि हंगाम संपावयास एक सामना उरला असतां लीड्सवर ६-२. हंगामाच्या शेवटीं त्यांचे गोल ८० झाले. बावीस संघांत एवढे गोल दुसऱ्या कोणाचेहि नव्हते. विजेत्या आर्सेनलचे देखील ७७ च होते. असें असूनहि सिटीचे गुण भरले ३६, क्रमांक लागला एकविसावा, आणि गतवर्षीचा विजेता दुसऱ्या वर्गांत गेला. लीगचा विजेता लगेच पुढच्याच हंगामांत पहिल्या वर्गांतून खालीं गेल्याचें इंग्लंडच्या इतिहासांत हें एकच उदाहरण आहे.

आमच्या शास्त्रांत स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय सांगितला आहे. भात शिजला किंवा नाहीं हें पाहावयास पातेल्यांतलीं सर्व शितें चेपून पाहावीं लागत नाहींत. एक शीत पाहिलें म्हणजे पुरे. स्वयंपाकघरांत हा न्याय अगदीं बिनचूक चालतो, कारण सर्व शितांना एकच पाणी आणि एकच विस्तव लागलेला असतो. परंतु जेथें प्रत्येक शिताचा विस्तव निराळा, तेथें तो चालावयाचा नाहीं. डर्बीवरील ७-१ हें शीत पाहून सिटीचा भात शिजला असें जो म्हणेल, तो फसेल. वर सांगितलेले चार सामने क्षणभर बाजूस काढून ठेवा. त्या चारांत सिटीचे गोल २६ आणि विरुद्ध बाजूचे ५. त्याबद्दल गुण मिळाले ८. राहिलेल्या अडतीस सामन्यांत सिटीचे गोल ५४, विरुद्ध बाजूचे ७२. आणि गुण २८. म्हणजे एकूण गोलांपैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा चार दिवसांत खर्ची पडला, आणि त्या चार दिवसांस गुण मात्र आठच मिळावयाचे होते. ते १-० अशा चार सामान्य विजयांनींहि मिळालेच असते. उलटपक्षीं आर्सेनलनें तीन गोल कमी केले खरे, पण स्वतःवर ४४ च होऊं दिले. सिटीवर ७७ झाले. आर्सेनलचे सामने हरले ११, सिटीचे २०.

यापेक्षांहि चमत्कारिक गोष्ट डर्बीची आहे. ज्याला सिटीनें दोन सामन्यांत तेरा गोलांनीं झोडपलें, तो डर्बीचा संघ हंगामाच्या शेवटीं चाळीस गुण मिळवून तेरावा आला आणि पहिल्या वर्गांत सुखानें राहिला. त्याचे एकंदर गोल ६६ आणि त्याच्यावर झालेले ८७. दोन दिवस त्याची पूर्ण नामुष्की झाली. परंतु त्या दोन दिवसांबद्दल त्याचे चारच गुण गेले, अधिक कांहीं जाणें शक्यच नव्हतें. तिसऱ्या दिवशीं तो पुन्हां शून्यापासून उभा राहिला. मारणारा बुडाला आणि मार खाणारा तरला.

शेवटचा दिवस ७ मे १९३८. सिटीला हडर्सफील्डच्या मैदानावर खेळावयाचें होतें. हडर्सफील्ड आदल्याच शनिवारीं वेंब्लीवर कपचा अंतिम सामना प्रेस्टनशीं जादा वेळेच्या अगदीं अखेरच्या क्षणीं १-० असा हरून परत आला होता, आणि त्याचेंहि पहिल्या वर्गांतील स्थान सुरक्षित नव्हतें. त्याचे गुण ३७, सिटीचे ३६. जो जिंकेल तो तरणार. ज्या संघानें सात दिवसांपूर्वीं लीड्सवर सहा गोल केले, त्याला त्या दिवशीं एकहि गोल करतां आला नाहीं. हडर्सफील्डनें १-० असा सामना जिंकला. लीड्सवरील सहांपैकीं दोन गोल जर पुढच्या शनिवारपर्यंत शिलकेंत ठेवतां आले असते, तर इतिहास निराळा झाला असता. पण गोलांची पतपेढी नसते.

त्या वर्षीचें कोष्टक पाहिलें म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. पहिल्या आर्सेनलचे ५२ आणि शेवटच्या वेस्ट ब्रॉमिचचे ३६. म्हणजे सबंध वर्गाचें अंतर केवळ सोळा गुणांचें. स्टोक, बर्मिंगहॅम, पोर्ट्स्मथ आणि ग्रिम्स्बी हे चारी संघ ३८ गुणांवर उभे होते. हरलेला एकच सामना सिटीनें जिंकला असता तर तिचे गुणहि ३८ झाले असते, आणि मग त्या ऐंशी गोलांचें पुण्य कामीं येऊन भागाकाराच्या बळावर ती तरली असती. गोल व्यर्थ नसतात हें त्याच वर्षीं त्याच नगरांत सिद्ध झालें. सिटी खालीं उतरली तेव्हां मँचेस्टर युनायटेड हा त्या नगराचा दुसरा संघ दुसऱ्या वर्गांतून वर चढला. त्याचे आणि शेफील्ड युनायटेडचे गुण सारखेच ५३ होते. गोलांच्या भागाकारानें मँचेस्टरवाल्यांस वर आणलें. परंतु गोलांची साक्ष घेतली जाते ती गुण समान असतील तेव्हांच. त्याच्या आधीं नाहीं.

हें सर्व ऐकून माझा नातू रागावला. "हा अन्याय आहे, आजोबा! सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला शिक्षा कसली?" मीं त्याला म्हटलें, "बाळ, गोल मोजण्यांत ते सारखे असतात, पण किंमतींत सारखे नसतात. सहा गोल झालेल्या संघावर सातवा गोल करणें आणि एका गोलानें मागें असतां शेवटच्या पांच मिनिटांत बरोबरीचा गोल करणें, यांत कांहीं फरक आहे कीं नाहीं? पहिल्या वेळीं समोरचा हात टेंकून बसलेला असतो. दुसऱ्या वेळीं तो दांतओठ खाऊन अडवीत असतो. कोष्टक विचारतें तें हेंच कीं, जेव्हां अवघड होतें तेव्हां तूं काय केलेंस." तो कांहीं वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "पण म्हणून तो संघ वाईट होता का?" हा प्रश्न मात्र मला सहज टोलवितां आला नाहीं, कारण हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत मला पूर्वीं एकदां विचारला गेला होता.

मी शाळेंत असतां एका विद्यार्थ्याचें संस्कृत इतकें चांगलें होतें कीं, त्याची उत्तरपत्रिका तपासतांना माझी लाल पेन्सिल जागच्या जागीं राही. शालान्त परीक्षेंत त्याला संस्कृतांत वर्गांत सर्वाधिक गुण मिळाले, मराठींतहि उत्तम मिळाले; परंतु गणितांत तो उत्तीर्ण होण्यापुरत्या गुणांच्याहि खालीं राहिला. एकंदर बेरीज उत्तीर्ण झालेल्या कित्येक मुलांपेक्षां अधिक होती. त्याचे वडील निकालाचा कागद घेऊन संध्याकाळीं माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, बेरीज तर पुरेशी आहे ना? मग मुलगा नापास कसा?" मीं त्यांस नियम समजावून सांगितला. प्रत्येक विषय हा स्वतंत्र सामना आहे. संस्कृतांतले जास्तीचे गुण गणिताच्या खात्यावर वळते करतां येत नाहींत. आणि तसें करूं दिलें तर अवघड विषयाकडे कोणी ढुंकूनहि पाहणार नाहीं. नियम योग्य होता असें मला तेव्हां वाटत होतें आणि आजहि वाटतें. परंतु ते गृहस्थ उठतांना एवढेंच म्हणाले, "तो चार दिवस जेवला नाहीं हो. आपण काहीं कामाचेच नाहीं असें म्हणतो." तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, नियमाचा प्रश्न सुटला तरी मुलाचा प्रश्न तसाच उरला आहे.

मीं दुसऱ्या दिवशीं त्याला बोलावून घेतलें आणि सांगितलें, "निकाल लागला आहे तो तुझ्या परीक्षेचा, तुझा नव्हे." गणिताची पुस्तकें घेऊन तो रोज सकाळीं आमच्या एका गणित-शिक्षकांकडे जाऊं लागला. पुढच्या खेपेस तो उत्तीर्ण झाला. फार गुण मिळाले नाहींत, पण पुरेसे मिळाले. संस्कृत त्यानें सोडलें नाहीं. माझ्या मतें दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या होत्या. नियम चुकीचा आहे असें त्याला सांगितलें असतें तर तो गणिताकडे वळला नसता. आणि तूं नालायक आहेस असें त्याला वाटूं दिलें असतें तर तो संस्कृतासहि मुकला असता.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तर मीं याच वाटेनें दिलें. कोष्टक सांगतें तें खरें आहे. पण तें जेवढें सांगतें तेवढेंच खरें आहे. १९३७-३८ च्या बेचाळीस सामन्यांत या संघानें पुरेसे गुण मिळविले नाहींत, एवढाच त्याचा निवाडा. त्या संघांतील माणसें टाकाऊ होतीं असें तें म्हणत नाहीं, आणि म्हणालें असतें तर तें खोटें ठरलें असतें. मूर्च्छित पडलेला तो स्विफ्ट महायुद्धानंतर इंग्लंडचा गोलरक्षक झाला, आणि १९४८ सालीं ट्यूरिन येथें इटलीविरुद्ध त्यानें इंग्लंडचें कर्णधारपद भूषविलें. त्या सामन्यांत इंग्लंडनें ४-० असा जय मिळविला. डोहर्टी १९४५ सालीं गेला तो डर्बीलाच, ज्या डर्बीवर त्याच्या संघानें एका हंगामांत तेरा गोल केले होते. आणि १९४६ सालीं डर्बीनें एफ. ए. कप जिंकला तेव्हां त्या विजयी संघांत तो होता.

क्लबाचें काय झालें? दुसऱ्या वर्गांतील पहिल्या वर्षीं सिटी पांचवी आली. वर येण्यास तें पुरेसें नव्हतें. १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध सुरू झालें, नवा हंगाम तीन सामन्यांनंतरच थांबला आणि सात वर्षें लीग बंद राहिली. शेवटीं १९४६-४७ सालीं दुसऱ्या वर्गांत ६२ गुण मिळवून आणि पहिला क्रमांक पटकावून सिटी परत वर आली. विजेत्या संघांतला सॅम बार्कस, जो १९३७ च्या विजयाचा आणि १९३८ च्या अधोगतीचा साक्षी होता, तोच या परतीच्या वेळीं कर्णधार होता. मध्यें नऊ वर्षें गेलीं होतीं. खेळाडूच्या आयुष्यांत नऊ वर्षें म्हणजे बहुतेक सर्व आयुष्यच. त्या मनुष्यानें ऐंशी गोलांचा अभिमान धरून नियमास शिव्या देत घरीं बसणें सोपें होतें. तो दुसऱ्या वर्गांत, लहान मैदानांवर, पुन्हां शून्यापासून खेळत राहिला.

हा लेख घरोघरच्या वडील मंडळींच्या हातीं जाईल म्हणून शेवटीं एक निवेदन करतों. आपल्या संसारांतहि सात-एकचे दिवस येतात. मुंजीला किंवा लग्नाला आपण हात सैल सोडतों, दिवाळीला मुलांवर वस्तूंचा वर्षाव करतों, आणि त्या थाटाची आठवण पुढें वर्षभर सांगतों. तो आनंद खोटा नव्हे. पण मूल तापानें फणफणलें असतां उशाशीं कोण बसलें, नापासाचा कागद घेऊन तें दारांत उभें राहिलें तेव्हां पहिला शब्द कोणता निघाला, म्हाताऱ्या आईच्या त्याच त्या प्रश्नाला दहाव्यांदा शांतपणें उत्तर मिळालें कीं नाहीं, हे सामने निराळे मोजले जातात. त्यांचे प्रेक्षक थोडे असतात, आणि त्यांत मिळतो तो एखादाच गुण. दिवाळींतले जास्तीचे गोल त्यांच्या खात्यावर चढत नाहींत. आणि असा एखादा दिवस आपल्या हातून वा मुलाच्या हातून हरला गेला, तर त्या दिवसाचे दोन गुण गेले असें प्रामाणिकपणें मानावें आणि दुसऱ्या सकाळीं डर्बीप्रमाणें पुन्हां उभें राहावें. हंगाम लांब असतो.